घरात फवारणीची औषधं, शेजारी कापूस: आगीची भीती किती खरी?

प्रश्न विचारणारा तरुण यवतमाळ जिल्ह्यातला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घर टिनाचं. मागच्या खोलीत धान्याची पोती, भिंतीवरच्या लाकडी फळीवर उरलेली फवारणीची औषधं, आणि भाव वाढायची वाट पाहत त्याच खोलीत कापूस. कोपऱ्यात इन्व्हर्टर, दाराबाहेर पडवीत चूल. आई म्हणते औषधं आजच्या आज बाहेर काढ. बाबा म्हणतात तीस वर्षं ठेवतोय, काही झालं नाही, आणि शेतातल्या झोपडीत ठेवली तर रात्रीत गायब होतील. कोणाचं ऐकू? सोबत त्यानं खोलीतल्या मालाची यादी दिली आहे. ते फार बरं केलं. या यादीचा आणखी एक उपयोग पुढे सांगतो.

दादा, आईचं ऐका. अठ्ठावीस वर्षं कृषी केंद्र चालवलं आहे, त्या अनुभवावर सांगतो. तुमच्या खोलीत आणि दाराशी औषधं, कापूस, इन्व्हर्टर आणि चूल ही चौकडी जमली आहे. त्यातलं एक जरी बाहेर गेलं तरी धोका बराच उतरतो, आणि सगळ्यात सोपं बाहेर जाणारं म्हणजे औषध.

बाबांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. टिनाखाली मे महिन्यात खोली कितीही तापली तरी बाटली आपोआप पेट घेत नाही. उन्हानं वाफ होते, आग ठिणगीनं लागते. तीस वर्षं वाफ होत राहिली आणि ठिणगी नेमकी तिथं पोचली नाही, एवढाच त्या तीस वर्षांचा अर्थ. शिवाय तीस वर्षांपूर्वी त्या खोलीत इन्व्हर्टर नव्हता, बॅटरीचा पंप चार्जिंगला लावलेला नव्हता.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडं बाटली हातात घेतली की सगळे त्रिकोण बघतात. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा म्हणजे सौम्य. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे, त्यातले हे रंग. पण हा त्रिकोण औषध पोटात गेलं किंवा अंगावर सांडलं तर माणसाचं काय होईल ते सांगतो. ते पेटेल की नाही, याच्याशी त्या रंगाचा काडीचा संबंध नाही. निळ्या त्रिकोणाची बाटली रॉकेलपेक्षा लवकर पेटू शकते आणि लाल त्रिकोणाचं एखादं औषध काडीला दादही देणार नाही. माझ्या गल्ल्यासमोर कितीतरी लोकांनी “हे हिरवं आहे ना, मग घरात ठेवायला हरकत नाही” असं म्हटलंय, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही मान डोलावली आहे.

आगीसाठी बघायची असतात ती टक्क्यांपुढची अक्षरं. तुमच्या यादीतलं क्लोरपायरीफॉस २० ई.सी. आणि प्रोफेनोफॉस ५० ई.सी. घ्या. ई.सी. म्हणजे मूळ औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते तेलासारख्या विद्रावकात विरघळवलेलं असतं आणि पाण्यात मिसळावं म्हणून त्यात साबणासारखा पदार्थ घातलेला असतो. पंपात ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं ते त्यामुळं. २० ई.सी. म्हणजे शंभरातले वीस भाग औषध, उरलेला बहुतेक माल विद्रावक. हा विद्रावक पुष्कळदा झायलीन किंवा त्याच्या जातीतलं, म्हणजे रंगाच्या दुकानातल्या थिनरचं भावंड. झायलीनचा फ्लॅश पॉइंट २५ ते ३० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याच्यावर पेटण्याजोगी वाफ तयार होते. अनेक ई.सी. औषधांच्या भारतीय मानकात फ्लॅश पॉइंट २४.५ अंशांच्या वर असावा एवढीच अट आहे. आपल्या भागात २४.५ अंश म्हणजे थंडीची दुपार! उन्हाळ्यात आपण ४५ अंशांच्या गोष्टी करतो आणि टिनाखाली त्याहून जास्त.

काही कंपन्या जड विद्रावक वापरतात, त्यांच्या ई.सी. इतक्या सहज पेटत नाहीत. पण बाटलीकडं बघून ते ओळखता येत नाही. म्हणून घरात हिशेब एकच ठेवायचा: ई.सी. म्हणजे पेट्रोल.

एस.सी. म्हणजे पाण्यातलं दाट कालवण, ते सहसा पेटत नाही. एस.एल. पाण्यात विरघळणारं, त्याचा धोका ई.सी.पेक्षा बराच कमी, पण त्यातही कधी कधी पाण्याऐवजी दुसरा द्रव असतो, म्हणून चुलीजवळ तेही नको. डब्ल्यू.पी., एस.पी., डब्ल्यू.जी. या पावडरी आणि दाणे. त्या भडकत नाहीत, पण आगीत सापडल्या की धूर मात्र विषारी करतात. गंधक आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचं जरा वेगळं आहे, त्यावर येतोच.

पूर्वी शेतकरी मेळाव्यात मी एक प्रयोग दाखवायचो. बरणीची पत्र्याची दोन झाकणं उघड्यावर मांडायची, एकात चमचाभर ई.सी., दुसऱ्यात चमचाभर एस.सी. मे महिन्याची दुपार. लांब काडी पेटवून एस.सी.त बुडवली की चर्र करून विझायची. तीच काडी ई.सी.कडं नेली की द्रवाला टेकायच्या आधीच भक्क व्हायचं, पिवळी ज्योत आणि वर काळ्या काजळीची शेपटी. लोक तोंडाचा आ वासून बघायचे. दोन मेळाव्यांत केला, तिसऱ्यात नाही. दुसऱ्या वेळी वारा फिरला, धूर माझ्याच तोंडावर आला आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसलो होतो. त्यामुळं हा प्रयोग घरी करून बघू नका, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. पण “टेकायच्या आधीच” हे लक्षात ठेवा. तिथं द्रव पेटत नव्हता, त्याच्यावरची वाफ पेटत होती.

ही वाफ हवेपेक्षा जड असते, झायलीनची तर साडेतीन पटींहून जास्त. ती धुरासारखी वर जाऊन छपरातून निघून जात नाही. फळीवरून खाली उतरते, जमिनीलगत पसरते आणि दाराच्या फटीतून पडवीत जाते. तुमच्या पडवीत काय आहे? चूल. चूल पेटलेली असताना त्या खोलीत अर्धा लिटरची बाटली फुटली, तर ज्योत वाफेवरून धावत उलट खोलीत येते. काही घरांत चुलीच्या जागी देवघर असतं आणि समई जमिनीवरच ठेवलेली असते. माझ्या मते ती चुलीपेक्षाही वाईट, कारण तिच्याकडं आग म्हणून कोणी बघतच नाही. इन्व्हर्टरचंही तेच. चार्ज होताना त्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि क्लिपा ढिल्या असल्या की ठिणगी उडते.

अर्धी बाटली ही पूर्ण भरलेल्या बाटलीपेक्षा वाईट. भरलेल्या बाटलीत वाफेला जागा नसते, सील पक्कं असतं. अर्ध्या बाटलीत वर वाफ कोंडलेली, झाकण घाईत वाकडं लावलेलं, आटे औषधानं चिकट झालेले. आपल्या घरात उरतात त्या सगळ्या अर्ध्याच. फवारण्या जुलै ते ऑक्टोबर, आणि वेचणी दसऱ्याच्या पुढं. म्हणजे अर्ध्या बाटल्या फळीवर चढतात आणि लगेच त्यांच्याखाली कापूस येऊन पडतो. बाटली पाझरली तर थेंब पडतो तो कापसावर. दिव्याची वात तेलात भिजवतात तेच हे, फक्त इथं वात दहा क्विंटलची असते. आणि कापसाची आग तुम्ही पाहिली असेल. वरून विझली असं वाटतं आणि आत धुमसत राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटते. म्हणून बाकी काहीच करणं जमलं नाही तरी ई.सी.च्या बाटल्या आणि कापूस यांची ताटातूट आजच करा.

तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते दुसरंच. ३ किलो सल्फर, म्हणजे गंधक, आणि त्याच्याच शेजारी १३:००:४५ ची २५ किलोची बॅग. ठिबकवाले सगळे हे खत ओळखतात. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपल्या आजोबांच्या भाषेत सोरा. आता सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र केल्यावर काय होतं ते शिवकाळापासून सगळ्यांना माहीत आहे, त्यालाच बंदुकीची दारू म्हणतात. घाबरवत नाही. दोन पिशव्या शेजारी ठेवल्या म्हणून स्फोट होत नाही, त्यासाठी बारीक दळून नीट मिसळावं लागतं. पण दोन्ही पिशव्या उंदरानं कुरतडल्या, सांडलेलं कुणी झाडूनं एकत्र लोटलं आणि त्यात चुलीची राख-कोळसे मिसळले, तर तो ढीग मला माझ्या घरात नको. शिवाय नायट्रेट स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याच्या आगीला प्राणवायू पुरवतं. गोधडी टाकून, हवा तोडून आग विझवायची युक्ती तिथं चालत नाही. कॅल्शियम नायट्रेटचंही असंच. पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडरही याच जातीची, तिचा डबा औषधांपासून आणि तेलांपासून वेगळा पाहिजे. नायट्रेटची खतं एका कोपऱ्यात, गंधक दुसऱ्या ठिकाणी, मध्ये भिंत असली तर उत्तम.

गंधकाची आग फसवी असते. ज्योत निळी, दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही. आधी घशात काट्यासारखं टोचतं, खोकल्याची उबळ येते, आणि मग कळतं की पोतं पेटलंय. तो सल्फर डायऑक्साइड असतो. गंधकाच्या आगीवर पाणी चालतं, पण फवाऱ्यानं, हलकं. पाइपची धार मारली की पावडर उडते आणि उडालेली गंधकाची धूळ ठिणगीनं भडकते. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, त्यांच्याकडं धुरळणीच्या गंधकाची पोतीच्या पोती असतात.

मॅन्कोझेबला कोरडं ठेवा, बस. एक किलोच्या पुड्याचा फारसा प्रश्न नाही, पण मोठं पोतं पावसात भिजलं आणि ढिगाखाली दाबून राहिलं तर ते आतून आपलं आपण तापतं.

आता त्या डबीबद्दल. “सल्फास, थोड्या गोळ्या शिल्लक” असं तुम्ही लिहिलंय. ही धान्यातल्या किडीसाठी ठेवतात ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. हवेत त्याचं प्रमाण १.८ टक्क्यांच्या वर गेलं तर तो ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. तुमच्या यादीतली आपोआप पेटू शकणारी वस्तू म्हणाल तर हीच. आणि पेटला नाही तरी झोपेत माणसं मारायला तो पुरेसा आहे. या गोळ्यांची विक्री आता सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीड नियंत्रणवाले यांच्यापुरतीच आहे, १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर बंदीच आहे. तरी घराघरांत डब्या सापडतात, कुठून येतात ते मी दुकानदार असल्यानं मला सांगायला नको. डबी उघडू नका, गोळ्या मोजू नका, वास घेऊन बघू नका. कोरड्या हातांनी, कोरड्या डब्यात ठेवून ती घराबाहेर काढा, कुलपात ठेवा, आणि ज्याच्याकडून घेतली त्याला परत करा किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला विचारा. नाल्यात, विहिरीत, उकिरड्यावर अजिबात नाही. ती पेटलीच तर पाणी मारायचं नाही. कोरडी वाळू टाकायची. पाणी म्हणजे तिचं खाद्य. उंदरांचं काळं औषध, झिंक फॉस्फाइड, त्याचाही वायू हाच, पाण्याशी आणि आंबट वस्तूंशी त्याची गाठ पडू देऊ नका.

मग ठेवायचं कुठं? शेतातली झोपडी मलाही पटत नाही, चोरीपेक्षा मुलांच्या आणि गुराख्यांच्या हाताला लागेल म्हणून. मी लोकांना एक जुनी लोखंडी पेटी वापरायला सांगतो. लग्नात दिलेली, गंजलेली, माळ्यावर पडलेली अशी पेटी प्रत्येक घरात असते. घरापासून वीस-पंचवीस फूट तरी दूर, विहिरीपासून जमेल तेवढी लांब आणि विहिरीच्या उताराकडच्या बाजूला, सावलीत. कुटाराच्या ढिगाजवळ नाही, पऱ्हाटीच्या गंजीजवळ तर नाहीच. खाली चार विटा. पेटीच्या दोन बाजूंना खिळ्यानं भोकं पाडा, काही वरच्या अंगाला आणि काही तळाच्या वाळूच्या थराच्या किंचित वर. जड वाफ खालच्या भोकांतून निघते, फक्त वर भोकं पाडून उपयोग नाही. आत तळाला दोन बोटं कोरडी वाळू. त्या वाळूवर बाटल्या उभ्या, आडव्या कधीच नाही. पावडरीचे पुडे वर, द्रव खाली, म्हणजे बाटली पाझरली तरी पुडे भिजत नाहीत. वरून एखादा टिनाचा पत्रा, पावसासाठी. कुलूप लावा आणि चोरीची भीती असेल तर साखळीनं खांबाला बांधा. पेटीवर ठळक “विष” लिहा. चोर वाचेल की नाही ठाऊक नाही, घरची पोरं वाचतील.

जुना फ्रिज मात्र यासाठी घेऊ नका. लोक तो घेतात, कारण दार चांगलं बसतं. दार चांगलं बसतं हाच त्याचा दोष, वाफ आत कोंडते.

दुकानदाराला औषधं इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात, कोरड्या, उजेडाच्या, हवेशीर जागेत ठेवावी लागतात, १९७१ च्या नियमांतच तसं आहे. त्यामागचं शहाणपण घरालाही तेवढंच लागू पडतं.

बाटली बदलायची नाही. ई.सी. पाण्याच्या पातळ बाटलीत काढलं की प्लास्टिक मऊ पडतं, आणि लेबल गेलं ते वेगळंच. सांडलंच तर चिंधीनं पुसू नका. औषधानं भिजलेली चिंधी म्हणजे काकडा, आणि आपल्याकडं ती नंतर चुलीच्या कडेलाच फेकलेली सापडते. कोरडी माती टाका, शोषली की खोऱ्यानं उचला.

सगळ्यात बरं म्हणजे उरूच न देणं. पंपामागं ३० मिली असेल आणि एकराला दहा पंप लागत असतील तर एकराचं औषध ३०० मिली. तीन एकरांना ९०० मिली. तुम्ही दोन लिटर नेता, कारण मी काउंटरवरून सांगतो की लिटरचा पॅक स्वस्त पडतो. खरं आहे, स्वस्त पडतो. पण उरलेलं पुढच्या वर्षी वापरू म्हणताना पुढच्या वर्षी कीड बदलते, शिफारस बदलते, मुदत संपते, आणि बाटली फळीवर राहते.

फवारणी पंपाबद्दल थोडं. पेट्रोलचा पंप असेल तर टाकी रिकामी करूनच आत आणा, शक्यतो आणूच नका. बॅटरीचा पंप चार्जिंगला लावायचा तो दिवसा, लोक जागे असताना, आणि औषधांपासून दूर. रात्रभर कापसाच्या शेजारी चार्जिंग ही नवी खोड लागली आहे, ती मोडा. गावात नसून पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहणारे हे वाचत असतील तर त्यांना एवढंच की झुरळांच्या स्प्रेचा डबा गॅसच्या शेगडीमागं ठेवू नका, आणि पेटत्या शेगडीकडं तोंड करून तो मारू नका. त्यातला माल बाहेर ढकलणारा वायू बहुधा तुमच्या सिलिंडरमधलाच असतो.

इतकं करूनही आग लागली तर? इथं मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. मार्च महिना, रात्रीची वेळ, एका ओळखीच्या घरचा गुरांचा कोठा पेटला. कोठ्यात कुटार होतं आणि वळचणीला औषधांची पिशवी टांगलेली. सगळा गाव बादल्या घेऊन धावला, आपल्याकडं धावतोच. पाणी पडलं तसं वितळलेल्या बाटल्यांतलं औषध त्यात कालवलं गेलं आणि गल्लीतून पांढरं दुधासारखं पाणी वाहू लागलं, अनवाणी माणसांच्या पायांखालून. दोघे भाऊ आतून बैल सोडायला गेले होते. बैल वाचले. अर्ध्या तासात दोघांना मळमळ, तोंडाला लाळ, दरदरून घाम. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न: औषध कोणतं होतं? कुणालाच सांगता येईना. लेबलं जळाली होती, आणि माल माझ्याच दुकानातला असूनही कोणत्या वर्षीचं काय शिल्लक होतं हे मलाही आठवेना. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, आणि त्यावरून ओळखून अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, सुरू केलं. दोघे बरे झाले. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते तुम्हाला सांगायला नको. धुरातही तेच विष असतं, वर आगीनं तयार केलेले नवे वायू.

म्हणून ती यादी. तुम्ही मला पाठवली तीच एका कागदावर लिहून शेजाऱ्याकडं द्या, आणि प्रत्येक लेबलचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. अग्निशमनवाल्यांना (१०१) आणि अॅम्ब्युलन्सला (१०८) फोन करताना पहिल्या वाक्यात सांगा की आत कीटकनाशक आहे. त्यांची सगळी पद्धत त्यावर बदलते.

आग बाटलीभर असेल, नुकती लागली असेल, तर वाळू किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक यंत्र. ए.बी.सी. लिहिलेलं चार-सहा किलोचं यंत्र घरी असावं, खोलीच्या बाहेर टांगलेलं, कारण आत असलं तर ते आणायला आगीतच जावं लागेल. एका यंत्रात भागलं नाही तर मागं फिरा. माणसं मोजा, गुरं सोडा, मेन स्विच पाडा, आणि वारा पाठीवर घेऊन लांब उभे राहा. औषधाची पेटी एकटीच, घरापासून दूर पेटली असेल तर तिला जळू द्या. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आजूबाजूची छपरं ओली ठेवून ती जळू देणं पुष्कळदा पाणी ओतण्यापेक्षा कमी नुकसानीचं असतं.

पाण्याचं हे दुखणं जगानं एकदा फार मोठ्या प्रमाणात पाहिलंय. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीचं शेती-रसायनांचं गोदाम पेटलं. आत १,३०० टनांहून जास्त माल होता. आग सकाळपर्यंत विझली, पण विझवलेलं पाणी ऱ्हाइन नदीत गेलं. नदी रंगानं लाल झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले, वामीसारखे ईल तर लाखाच्या वर. आपल्या घराच्या हिशेबात ऱ्हाइनच्या जागी विहीर आणि हातपंप ठेवा. पाणी वाहायला लागलं तर दोन माणसांनी फावडी घेऊन मातीचा बांध घालावा, तेही वाऱ्याच्या वरच्या बाजूनं आणि पायात गमबूट घालून. त्यानंतर त्या विहिरीचं पाणी तपासून घेतल्याशिवाय माणसांना नाही, जनावरांना नाही. धूर बसलेला कडबा गुरांना घालू नका. राखेत हात घालून पत्रे वेचू नका.

रिकाम्या बाटल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. होळीत टाकतात, शेकोटीत टाकतात. झाकण लावलेली रिकामी ई.सी.ची बाटली आतल्या वाफेनं फुटते, आणि पोरं शेकोटीभोवतीच बसलेली असतात. बाटली संपली की तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे तिच्यात कुणी पुन्हा रॉकेल की गोडंतेल भरणार नाही. भोक पाडलेल्या बाटल्याही जाळायच्या नाहीत, शेतातही टाकायच्या नाहीत.

उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, काढायला घ्या. चूल विझलेली, इन्व्हर्टर बंद, दारं-खिडक्या तासभर आधी उघडलेल्या, हातात रबरी मोजे, पोरं शेजारी पाठवलेली. आधी ई.सी., एकेक बाटली घमेल्यात उभी ठेवून न्यायची, चार-चार बगलेत मारून नाही. मग सल्फासची डबी, वेगळी. मग बाकीचं. जिथं बाटल्या होत्या त्याखालचा कापूस हात-दीड हात खोल उकरून बघा, कुठं तेलकट डाग किंवा वास असेल तर तेवढा बाजूला काढा, तो विकायच्या ढिगात मिसळू नका.

आणि ती लाकडी फळी. तीस वर्षांचे थेंब तिच्यात मुरलेत. काढल्यावर ती सरपणात जाणार नाही एवढं आईला स्वतः सांगा, कारण घरात वाळलेलं लाकूड दिसलं की त्याचं पुढं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.